बॉनेटवर १५ ग्लासांचा मनोरा, तरी थेंबही सांडला नाही! लेक्सस एलएस ४०० मालकांच्या मनातून का उतरत नाही?

१९८९ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर एक जाहिरात लागायची. एक मोठी सेडान रोलरवर उभी आहे. तिच्या बॉनेटवर शॅम्पेनने भरलेल्या १५ ग्लासांचा मनोरा रचलाय. इंजिन सुरू होतं, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात आणि वेगाचा काटा ताशी १४५ मैलांपर्यंत, म्हणजे जवळपास २३३ किलोमीटरपर्यंत चढतो. वरचे ग्लास मात्र ढिम्म. एक थेंबही सांडत नाही.

ती गाडी होती लेक्सस एलएस ४००. बनवणारी कंपनी होती टोयोटा, जिची ओळख तोवर स्वस्त, टिकाऊ आणि जरा नीरस गाड्या बनवणारी कंपनी अशी होती.

या गोष्टीला आता ३५ वर्षांहून अधिक काळ उलटलाय. तरीही ज्यांनी ही गाडी वापरली, ते तिच्याबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. गंमत म्हणजे या आठवणी वेगाच्या किंवा रुबाबाच्या कमी असतात. "इतकी वर्षं चालवली, कधी रस्त्यात सोडलं नाही," अशाच जास्त. महागड्या गाडीची आठवण अशी साधी का असावी? याचं उत्तर गाडी कशी बनली, त्यातच आहे.

एलएस ४०० थोडक्यात

- पहिलं दर्शन : जानेवारी १९८९, डेट्रॉइट ऑटो शो
- अमेरिकेत विक्री सुरू : सप्टेंबर १९८९
- इंजिन : ४ लिटर, व्ही ८, ३२ व्हॉल्व्ह, सुमारे २५० हॉर्सपॉवर
- गिअरबॉक्स : ४ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना
- लांबी : जवळपास ५ मीटर
- सुरुवातीची मूळ किंमत : ३५,००० डॉलर
- कारखाना : ताहारा, आइची प्रांत, जपान
- पहिली पिढी १९८९ ते १९९४, दुसरी पिढी २००० पर्यंत. त्यानंतर एलएस ४३० आली.

टोयोटाला ही गाडी का बनवावी लागली?

१९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्यांना अमेरिकेत जोरदार मागणी आली. तिथल्या कंपन्यांचे धाबे दणाणले. राजकीय दबाव वाढल्यावर १९८१ मध्ये जपानने आपणहून निर्यातीवर मर्यादा घालून घेतली. सुरुवातीला ती वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांची होती.

आता गाड्यांची संख्याच बांधलेली असेल, तर जास्त कमावायचं कसं? एकच मार्ग : प्रत्येक गाडीमागचा नफा वाढवायचा. म्हणजेच महाग गाड्या विकायच्या.

दुसरं कारण ग्राहकांचं होतं. तरुणपणी करोला घेतलेला माणूस चाळिशीत पोचला, हातात पैसा आला, की तो टोयोटा सोडून मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यूच्या शोरूममध्ये शिरायचा. त्याला देण्यासारखं टोयोटाकडे काही नव्हतं. पुढे १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महाग झाला आणि केवळ स्वस्ताईच्या जोरावर गाड्या विकणं आणखी अवघड झालं.

पण त्या कराराच्या दोन वर्षं आधीच, ऑगस्ट १९८३ मध्ये, टोयोटाचे अध्यक्ष एजी टोयोडा यांनी निवडक वरिष्ठांची एक गुप्त बैठक घेतली होती. जगातल्या सर्वोत्तम गाड्यांना टक्कर देईल अशी आलिशान गाडी टोयोटा बनवू शकेल का, एवढाच मुद्दा होता. तिथून जो प्रकल्प सुरू झाला, त्याचं सांकेतिक नाव 'एफ १'. एफ म्हणजे फ्लॅगशिप, घराण्यातली सर्वांत मानाची गाडी.

त्या काळात जपानची अर्थव्यवस्था फुग्यासारखी फुगत होती. एलएस बाजारात आली त्याच वर्षाच्या शेवटी, २९ डिसेंबर १९८९ ला, निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. त्यानंतर तो फुगा फुटला आणि ती पातळी पुन्हा गाठायला ३४ वर्षं लागली. थोडक्यात, ही गाडी खर्चाला फारशी कात्री न लावता बनवण्याच्या दिवसांतली आहे. प्रकल्पावर १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाल्याचं सांगितलं जातं. सुमारे १,४०० इंजिनिअर, २,३०० तंत्रज्ञ आणि ४५० च्या आसपास नमुना गाड्या एवढा हा पसारा होता.

आधी माणसं पाहिली, मग गाडी

१९८५ मध्ये टोयोटाने आपली एक टीम कॅलिफोर्नियातल्या लगुना बीच या श्रीमंत गावात पाठवली. टीमने तिथे भाड्याचं घर घेतलं. श्रीमंत अमेरिकन माणूस राहतो कसा, गाडीत बसतो कसा, गाडीकडून त्याला काय हवं असतं, हे जवळून पाहणं हे त्यांचं काम.

हे महत्त्वाचं का? कारण तोवर आलिशान गाडी म्हणजे युरोपातली गाडी, हे समीकरण पक्कं होतं. मर्सिडीजकडे परंपरा होती, बीएमडब्ल्यूकडे चालवण्याची मजा होती. टोयोटाकडे यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे तिला एखादी अशी जागा शोधायची होती जिथे मोठ्या कंपन्या ग्राहकाला गृहीत धरत होत्या. ती जागा सापडली : शांतता, भरवसा आणि विक्रीनंतरची वागणूक.

सुझुकींचा 'तरीही'चा हट्ट

गाडीचे मुख्य इंजिनिअर होते इचिरो सुझुकी. आडनाव सुझुकी, नोकरी मात्र टोयोटात! त्यांनी टीमसमोर ठेवलेल्या अटी एकमेकींच्या विरुद्ध होत्या आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये 'तरीही' हा शब्द होता :

- वेगात स्थिर, तरीही आरामदायी
- वेगवान, तरीही कमी पेट्रोल पिणारी
- अतिशय शांत, तरीही वजनाने हलकी
- देखणी, तरीही वारा सहज कापणारी
- घरासारखी ऊबदार, तरीही वापरायला सोपी

इंजिनिअरिंगमध्ये सहसा यातलं एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं. गाडी शांत करायची तर आत आवाज शोषणारं जाड अस्तर भरायचं. अस्तर भरलं की वजन वाढतं, वजन वाढलं की पेट्रोल जास्त लागतं. आणि अमेरिकेत कायदाच असा होता, की सरासरी गॅलनमागे २२.५ मैलांपेक्षा, म्हणजे लिटरमागे साधारण साडेनऊ किलोमीटरपेक्षा, कमी चालणाऱ्या गाडीवर जादा कर लागायचा. सुझुकींना तो कर नको होता. सोबत ताशी २५० किलोमीटरचा वेगही हवा होता.

मग त्यांनी उलटा विचार केला. आवाज अडवायचा नाही, तो जिथे जन्मतो तिथेच कमी करायचा.

म्हणजे काय, ते एका उदाहरणाने कळेल. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत इंजिनापासून मागच्या धुरीपर्यंत एक लांब शाफ्ट फिरत असतो. हा शाफ्ट सांध्यांपाशी कोनात वाकलेला असेल, तर प्रत्येक फेऱ्याला बारीकसा हादरा बसतो आणि तोच केबिनमध्ये घरघर म्हणून ऐकू येतो. एलएसमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि शाफ्ट शक्य तितके एका सरळ रेषेत आणले गेले. हादराच कमी झाला, मग तो दाबायला अस्तर कशाला?

इंजिनाचे भाग अधिक काटेकोर मापात घडवले गेले. इंजिन ज्या आधारांवर बसतं, त्यांत द्रव भरला गेला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीला दोन पत्र्यांमध्ये कंपन शोषणारा थर घातला गेला. गाडीचा आकार असा घडवला, की हवेचा विरोध मोजणारा आकडा ०.२९ च्या आसपास आला. त्या काळच्या मोठ्या सेडानसाठी हा फारच चांगला आकडा होता.

आणि इथेच त्या टिकाऊपणाचं मूळ आहे. कंपन फक्त कानांना त्रास देत नाही. ते बोल्ट सैल करतं, रबर फाडतं, सांधे झिजवतं. ज्या यंत्रात कंपन कमी, त्यात झीजही कमी. शांततेसाठी केलेली मेहनत अशी आयुष्याच्या खात्यातही जमा झाली.

नावावरून कोर्टकचेरी

गाडी बाजारात येण्याआधीच एक विघ्न आलं. 'लेक्सिस' या नावाने कायदेविषयक माहितीसेवा चालवणाऱ्या मीड डेटा सेंट्रल या कंपनीने 'लेक्सस' नावाला हरकत घेतली आणि खालच्या कोर्टात जिंकलीसुद्धा. मार्च १९८९ मध्ये अपिलात निकाल फिरला. वकील मंडळींची संगणक सेवा आणि मोटारगाडी यांत सामान्य ग्राहकाची गल्लत होणार नाही, असा त्याचा रोख होता. विक्री सुरू व्हायला तेव्हा जेमतेम सहा महिने उरले होते.

मालकांना नेमकं काय आठवतं?

एलएस ४०० च्या जुन्या मालकांच्या बोलण्यात काही गोष्टी हमखास येतात.

पहिली म्हणजे सुरू असलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला जाणं. सिग्नलला गाडी थांबली, आवाज नाही, थरथर नाही. बंद पडली की काय, म्हणून चावी फिरवली आणि स्टार्टर करकरला! हा किस्सा बऱ्याच जणांकडे असतो.

दुसरी म्हणजे मीटर. गाडी बंद असताना समोरचा डॅशबोर्ड नुसता काळा दिसायचा. चावी फिरवली की अंधारातून आधी काटे उजळायचे, मग आकडे. आज मोबाइलच्या स्क्रीनची सवय झालेल्यांना यात काय विशेष, असं वाटेल. १९८९ मध्ये मागच्या सीटवरची मुलं ते बघायला पुढे वाकायची.

तिसरी म्हणजे स्टीअरिंग. चावी काढली की ते आपोआप वर सरकायचं, उतरणाऱ्याला वाट करून द्यायचं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना हे फार आवडायचं. शिवाय दार लावल्यावर येणारा तो जाड, दबका आवाज, ज्यांनी जादा पैसे मोजले त्यांची नाकामिची कंपनीची म्युझिक सिस्टीम, आणि लांबच्या प्रवासानंतरही अंग न आंबणं.

या आठवणी इतक्या वर्षांनी टिकल्या, त्याचं एक कारण म्हणजे गाडीच तेवढी टिकली. पाच वर्षांत विकलेल्या गाडीच्या आठवणी पाच वर्षांच्याच असतात. एलएस अनेक घरांत वीस-वीस वर्षं राहिली. वडिलांनी नवी घेतली, आईने वापरली, मग मुलगा किंवा मुलगी तिच्यावर गाडी शिकली. एकाच गाडीत बाळ म्हणून बसलेलं माणूस पुढे तीच गाडी चालवत कॉलेजला गेलं, की ती निव्वळ गाडी राहत नाही.

तीन महिन्यांत रिकॉल, आणि तिथेच नशीब पालटलं

डिसेंबर १९८९. विक्री सुरू होऊन तीन महिनेच झाले होते आणि मागच्या ब्रेक लाइटची वायरिंग व क्रूझ कंट्रोल यांत दोष निघाला. तक्रारी मोजून दोन आल्या होत्या. पण 'कधीच बिघडत नाही' हेच ज्या गाडीचं भांडवल, तिच्या बाबतीत "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" म्हणायला लोकांना तेवढं पुरलं असतं.

लेक्ससने तोवर विकलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ८,००० गाड्या परत तपासायचं ठरवलं. मालकांना स्वतः फोन केले गेले. डिलरची माणसं घरून किंवा ऑफिसमधून गाडी घेऊन गेली, तोवर वापरायला दुसरी गाडी दिली. जिथे जवळपास डिलर नव्हता, तिथे तंत्रज्ञच पाठवले गेले. दुरुस्त झालेली गाडी धुऊन, टाकी भरून दारात परत आली. हे सगळं काम तीन आठवड्यांच्या आत संपलं.

ज्या प्रसंगाने ब्रँड जन्मतःच बुडायचा, त्याच प्रसंगामुळे मालक शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचं कौतुक सांगू लागले. ग्राहकसेवा शिकवताना हे उदाहरण आजही दिलं जातं.

दोन वर्षांतच, १९९१ मध्ये, लेक्सस अमेरिकेत सर्वाधिक विकला जाणारा आयात आलिशान ब्रँड बनला. तोडीच्या जर्मन गाड्यांपेक्षा किंमत कितीतरी कमी असल्याचाही त्यात मोठा वाटा होता.

दहा लाख मैल!

टिकाऊपणाच्या गप्पा खूप होतात, पण एका एलएसने तो जगासमोर दाखवला. अमेरिकेतले मोटार पत्रकार मॅट फराह यांनी १९९६ ची एक एलएस ४०० विकत घेतली, तेव्हाच ती ८,९७,००० मैल चालून झाली होती. आता हिला दहा लाखांपर्यंत न्यायचंच, असं त्यांनी ठरवलं. मग त्यांनी ती मित्रांना, इतर पत्रकारांना चालवायला दिली. कुणी ती देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. २०१७ मध्ये दहा लाख मैल पूर्ण झाले. किलोमीटरमध्ये हा आकडा होतो १६ लाख. पृथ्वीला विषुववृत्तावरून ४० फेऱ्या मारल्या, तर एवढं अंतर होईल.

यात एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ती गाडी नुसती चालवली गेली नव्हती, तिचं सर्व्हिसिंगही वेळच्या वेळी होत होतं.

मग ती बिघडायचीच नाही का?

बिघडायची. आठवणींमुळे या गोष्टी थोड्या मागे पडतात, पण जुनी एलएस सांभाळणाऱ्याला त्या पाठ असतात.

- पॉवर स्टीअरिंगच्या पंपातून ऑइल गळायचं. खालीच अल्टरनेटर असल्याने ते त्यावर पडून तोही जायचा. एका बिघाडाचे दोन खर्च.
- स्टार्टर मोटर इंजिनाच्या दोन बाजूंच्या मधल्या खोलगट जागेत, वरच्या मॅनिफोल्डखाली दडलेली. भाग छोटा, पण तो बदलायला अर्धं इंजिन उघडावं लागायचं.
- इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांमधले कपॅसिटर वयानुसार गळायचे आणि मग गाडी विचित्र वागायची.
- ज्या मीटरचं एवढं कौतुक, त्याचेच काटे किंवा छोटे डिस्प्ले जुनेपणी अंधूक व्हायचे.
- टायमिंग बेल्ट ठरलेल्या अंतरावर बदलावाच लागायचा.

म्हणून आज जुनी एलएस घेणारे जाणकार आधी मीटरवरचा आकडा बघत नाहीत, सर्व्हिसची कागदपत्रं मागतात. दोन लाख मैल चाललेली पण वेळेवर देखभाल झालेली गाडी, पन्नास हजार मैल चालून दहा वर्षं धूळ खात पडलेल्या गाडीपेक्षा बरी निघू शकते. उभ्या गाडीत रबर कडक होतं, ऑइल सील सुकतात.

जपानमध्ये मात्र ही 'लेक्सस' नव्हती

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. जपानमध्ये हीच गाडी टोयोटाच्याच नावाने, 'सेल्सिओर' म्हणून विकली गेली. लेक्सस हा ब्रँड स्वतःच्या मायदेशी आला थेट २००५ मध्ये. तोवर तिथल्या मालकांची आठवण सेल्सिओरची. पुढे सेकंडहँड सेल्सिओर स्वस्त झाल्या आणि तरुणांनी त्या जमिनीलगत खाली करून, रुंद चाकं लावून सजवायला सुरुवात केली. या थाटाला तिथे 'व्हीआयपी' शैली म्हणतात. साहेबांची गाडी अशी पोरांच्या हाती गेली.

भारतात ती का दिसत नाही?

लेक्सस अधिकृतपणे भारतात आली मार्च २०१७ मध्ये, म्हणजे एलएस ४०० बंद होऊन १७ वर्षं झाल्यावर. इथे ती टोयोटा किर्लोस्कर मोटरमार्फत विकली जाते. या नावातलं 'किर्लोस्कर' म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत कारखाना उभारणाऱ्या घराण्याचं. २०१८ मध्ये भारतात आलेली एलएस ५००एच ही त्याच घराण्यातली पाचव्या पिढीची गाडी.

मग जुनी एलएस ४०० परदेशातून मागवता येईल का? वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टीअरिंग उजवीकडे हवं, अशा अटी भारतात लागू झाल्या. तीस वर्षांची, डावीकडे स्टीअरिंग असलेली अमेरिकन एलएस त्यात बसत नाही. त्यामुळे इथल्या बहुतेकांची तिच्याशी ओळख व्हिडिओंमधून किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडूनच होते.

या गाडीने काय बदललं?

एलएस ४०० येईपर्यंत आलिशान गाडी बिघडते, तिचा खर्च सोसावा लागतो, हे श्रीमंत ग्राहकाने मान्य केलं होतं. महाग वस्तू नाजूकच असायची, असा समज होता. या गाडीने दाखवून दिलं, की सर्वांत मोठी चैन म्हणजे काळजी नसणं. सकाळी चावी फिरवल्यावर गाडी सुरू होईल की नाही, हा विचारच मनात न येणं.

त्यामुळेच तिच्या मालकांकडे सांगण्यासारखे थरारक किस्से कमी आहेत. घाटात बंद पडली, रात्रभर मेकॅनिक शोधत फिरलो, अशा गोष्टी त्यांच्याकडे सहसा नसतात. लग्न, बाळंतपण, मुलांची शाळा, आईवडिलांची दवाखान्याची फेरी, या सगळ्यांत गाडी हजर होती आणि कुणाचं तिच्याकडे लक्षही गेलं नाही. ते लक्ष गेलं गाडी विकल्यावर, नवी गाडी पहिल्यांदा गॅरेजमध्ये नेऊन सोडावी लागली तेव्हा.